कोण कोणाचं? ‘वॉरियर्स’मधल्या मांजरांच्या प्रेमप्रकरणांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं तेच ते प्रश्न येत आहेत. काही नव्या वाचकांचे, काही पालकांचे, तर काही अशा मंडळींचे ज्यांना उत्तर आधीच माहीत असतं आणि फक्त भांडायचं असतं. सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवतोय. पुढे कथानकाची गुपितं फुटणार आहेत. पहिली सहा पुस्तकं वाचायची बाकी असतील तर प्रश्न ४ नंतर थांबा.

१. ही कुठली पुस्तकं? मांजरांची प्रेमप्रकरणं म्हणजे नक्की काय भानगड आहे?

‘वॉरियर्स’ ही इंग्रजी कादंबऱ्यांची मालिका. पहिलं पुस्तक, ‘इंटू द वाइल्ड’, २००३ साली आलं आणि मालिका अजून चालूच आहे. जंगलात राहणाऱ्या मांजरांच्या टोळ्या आहेत: थंडरक्लॅन, रिव्हरक्लॅन, विंडक्लॅन, शॅडोक्लॅन, आणि पुढे सापडलेली स्कायक्लॅन. मेलेली मांजरं स्टारक्लॅनमध्ये, म्हणजे आकाशात पूर्वज होऊन राहतात आणि जिवंतांच्या स्वप्नात येऊन सल्ले देतात, बहुतेक वेळा न कळणारे. रस्टी नावाचं एक घरपाळीव मांजर जंगलात येतं, फायरपॉ होतं, मग फायरहार्ट, मग टोळीचा नेता फायरस्टार (नावाचं शेपूट वयाप्रमाणे आणि पदाप्रमाणे बदलतं: पिल्लू ‘किट’, शिष्य ‘पॉ’, नेता ‘स्टार’). हा मूळ धागा.

लढाया, कटकारस्थानं, भविष्यवाण्या असं सगळं त्यात आहे. तरीही वाचक एकमेकांच्या उरावर बसतात ते ‘कोणाचं कोणावर प्रेम होतं’ या मुद्द्यावर. कारण प्रश्न ४ मध्ये.

२. शिप, कॅनन, हेडकॅनन हे शब्द सगळे फेकतात. साध्या भाषेत सांगाल का?

दोन पात्रांची जोडी जमावी असं वाचकाला वाटतं, ती ‘शिप’. पुस्तकात छापून आलेलं ते ‘कॅनन’. पुस्तकात नाही, पण आपण मनाशी पक्कं धरलंय, ते ‘हेडकॅनन’. पुष्कळ वाचकांचं हेडकॅनन एकच झालं आणि नव्या माणसाला ते पुस्तकातलंच वाटायला लागलं, की ‘फॅनॉन’. निम्मी भांडणं या शेवटच्या प्रकारामुळे होतात.

३. लेखिका एरिन हंटर यांनाच विचारून एकदाचा निकाल का लावत नाहीत?

कारण एरिन हंटर नावाची बाई नाही. ते एका गटाचं टोपणनाव आहे. सुरुवातीला व्हिक्टोरिया होम्स कथानक आखून द्यायच्या आणि केट केरी व चेरिथ बाल्ड्री आळीपाळीने पुस्तकं लिहायच्या. नंतर टुई सदरलँड आणि आणखी काही जण आले. ‘हंटर’ हे आडनावसुद्धा दुकानाच्या फळीवर पुस्तकं ब्रायन जेक्सच्या ‘रेडवॉल’जवळ लागावीत म्हणून निवडलेलं. प्राण्यांच्या साहसकथा वाचणारं गिऱ्हाईक तिथेच येणार, हा हिशेब.

याचा परिणाम प्रेमकथांवर सरळ दिसतो. एकीच्या हातात असताना दोन मांजरांमध्ये हळुवार काहीतरी उमलत असतं, पुढच्या पुस्तकात दुसरीच्या हातात ते थंडगार पडतं. वाचक त्यात मनोविश्लेषण शोधतो. पुष्कळदा फक्त लेखणी बदललेली असते.

आणि समजा, त्यांच्यापैकी एखादीने गप्पांमध्ये ‘हो, माझ्या मते ती जोडीच आहे’ असं म्हटलं, तर? माझं मत सांगतो: ते लेखिकेचं हेडकॅनन. तुमच्या-माझ्यापेक्षा वजनदार, पण पानावर नाही ते पानावर नाही. खालची सगळी उत्तरं या भूमिकेतून आहेत.

४. या टोळ्यांमध्ये प्रेमाचे नियम काय आहेत?

दोन नियम लक्षात ठेवले की पुरे. पहिला, दुसऱ्या टोळीत जोडीदार करायचा नाही. भेटावं, सीमेवर बोलावं, चार टोळ्यांच्या सभेत शेजारी बसावं, पण बेटीव्यवहार बंद. दुसरा, टोळीच्या वैद्य मांजराने जोडीदार करायचा नाही, पिल्लं होऊ द्यायची नाहीत. दुसऱ्या नियमाची जन्मकथा ‘मॉथ फ्लाइट्स व्हिजन’ या २०१५ च्या पुस्तकात आहे. विंडक्लॅनची पहिली वैद्य मॉथ फ्लाइट स्वतः आई होते, आणि पिल्लं की टोळी या ओढाताणीत हा नियम घालून देते.

आता गंमत बघा. मालिकेतल्या गाजलेल्या प्रेमकथा काढा: ब्लूस्टार आणि ओकहार्ट, ग्रेस्ट्राइप आणि सिल्व्हरस्ट्रीम, लीफपूल आणि क्रोफेदर, येलोफँग आणि रॅगेडस्टार. एकूण एक नियमाबाहेरच्या! या पुस्तकांत प्रेम हे प्रेम म्हणून फार क्वचित येतं. ते येतं निष्ठेची परीक्षा म्हणून. ‘तिचं त्याच्यावर प्रेम होतं का’ हा प्रश्न लेखिकांना फारसा पडलेलाच नाही. त्यांचा प्रश्न असतो, ‘प्रेम असेल तर आता ती टोळीचं काय करणार?’ वाचक पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या पानांत शोधतात आणि मग पुरावा सापडत नाही म्हणून चिडतात.

५. फायरस्टारचं खरं प्रेम कोण, स्पॉटेडलीफ की सँडस्टॉर्म?

हा वीस वर्षांहून जुना वाद. कंबर कसून बसा.

स्पॉटेडलीफ ही थंडरक्लॅनची वैद्य. फायरपॉ टोळीत आला तेव्हा तिच्याशी त्याची ओळख झाली, जेमतेम एका पुस्तकापुरती. ‘इंटू द वाइल्ड’मध्येच शॅडोक्लॅनच्या क्लॉफेसने तिला मारलं. त्यानंतर ती येते ती स्वप्नात. धीर देते, इशारे देते, अंगाला तिचा गोड गंध. त्याला तिची ओढ आहे हे पुस्तकं स्पष्ट सांगतात, याबद्दल वाद नको.

सँडस्टॉर्मची सुरुवात नेमकी उलटी. सँडपॉ असताना ती या घरपाळीव पोराला येता-जाता टोमणे मारते. मग ती कड्यावरून पडत असताना तो तिला वाचवतो आणि बर्फ वितळायला लागतो. त्यानंतरची जवळीक शिकारीतून, गस्तीतून, भांडणांतून वाढते. ‘फायरस्टार्स क्वेस्ट’ (२००७) या जाडजूड पुस्तकात हरवलेली स्कायक्लॅन पुन्हा उभी करायला तो निघतो तेव्हा सोबत तीच असते. स्क्विरलफ्लाइट आणि लीफपूल या त्यांच्या मुली.

स्पॉटेडलीफवाल्यांचा युक्तिवाद असा की पहिलं प्रेम ते पहिलं, आणि नियमाने अडवलं नसतं तर तीच जोडीदार झाली असती. यात एक छिद्र आहे. नियमाने अडवलं हे खरं, पण त्याआधी मृत्यूने अडवलं. ती जिवंत असताना दोघांमध्ये जे काही आहे ते मोजक्या प्रसंगांत मावतं. बाकी सगळं तिच्या मरणानंतरचं. मेलेल्या माणसाशी भांडण होत नाही, त्याचा वैताग येत नाही, ते सकाळी उठून शिकारीला उशीर करत नाही. फायरहार्टला स्पॉटेडलीफ नेहमी हवी तेव्हा भेटते आणि नेहमी त्याचंच ऐकून घेते. सँडस्टॉर्म मात्र त्याला तोंडावर सांगते की तू चुकतोयस.

माझं मत सँडस्टॉर्मच्या पारड्यात आहे, हे एव्हाना कळलंच असेल. मात्र ‘स्पॉटेडलीफवर त्याचं प्रेम नव्हतंच’ असं म्हणणारे सँडस्टॉर्मचे पाठीराखेही तितकेच चुकतात. सँडस्टॉर्मला स्वतःला ते माहीत आहे, खुपतं आहे, आणि तरी ती त्याच्याबरोबर निघते. तिच्या पात्राला उंची तिथेच मिळते. ते दुःख पुसून टाकलंत तर तीच लहान होते. मरणानंतर काय, ते प्रश्न १६ मध्ये.

६. आणि सिंडरपेल्ट? तिचंही फायरहार्टवर प्रेम होतं ना?

सूचना आहेत, कबुली नाही. ती त्याची शिष्या होती. दोनपायांच्या, म्हणजे माणसांच्या, रस्त्यावर गाडीखाली पाय अधू झाला, योद्धा होणं सुटलं, ती वैद्य झाली. एकतर्फी ओढ होती असं वाचायला जागा आहे. त्याच्या बाजूने काहीच नाही. गुरू-शिष्य जोड्यांबद्दल प्रश्न १३ पाहा.

७. ब्लूस्टार आणि ओकहार्ट फक्त एका रात्री भेटले. त्याला प्रेम म्हणायचं?

‘ब्लूस्टार्स प्रॉफेसी’ (२००९) येण्याआधी आपल्याला एवढंच माहीत होतं की थंडरक्लॅनच्या करारी नेत्या ब्लूस्टारने तरुणपणी रिव्हरक्लॅनच्या ओकहार्टपासून झालेली पिल्लं त्याच्या टोळीला दिली. पुढे पूर्ण कथा आली आणि निम्मे वाचक हिरमुसले. इतकं थोडं? चार झाडांपाशी एक भेट, आणि बस?

मला वाटतं वजन भेटीवर नाहीच, पुढच्या निर्णयावर आहे. थिसलक्लॉसारखा रक्तपिपासू उपनेता होऊ नये म्हणून ब्लूफरला, म्हणजे तेव्हाच्या ब्लूस्टारला, ते पद हवं आणि पदासाठी पिल्लं सोडायला हवीत. भर थंडीत ती तीन पिल्लं घेऊन निघते. मॉसकिट वाटेत गारठून मरते. मिस्टीकिट आणि स्टोनकिट ओकहार्टच्या हाती पोचतात. ती ज्याच्या हाती पिल्लं देऊ शकते त्याच्यावर तिचा किती विश्वास आहे, हे त्या एका पानावरून कळतं. त्यासाठी दहा चांदण्या रात्री लिहायची गरज नव्हती.

ज्याच्यावर सगळ्यात कमी लिहिलं जातं तो थ्रशपेल्ट. त्याचं तिच्यावर प्रेम आहे, पिल्लं आपली नाहीत हे त्याला माहीत आहे, आणि टोळी त्याला बाप समजते तेव्हा तो खुशाल समजू देतो. बदल्यात काहीही मागत नाही. प्रश्न ९ मधल्या इसमाशी याची तुलना जरूर करा.

८. क्रोफेदरचं नेमकं कोणावर होतं? फेदरटेल, लीफपूल, नाइटक्लाउड, तीन-तीन झाल्या!

क्रमाने घ्या. रिव्हरक्लॅनची फेदरटेल प्रवासात भेटली आणि डोंगरातल्या टोळीला वाचवताना मेली. क्रोफेदर तेव्हा कोवळा होता. मग थंडरक्लॅनची वैद्य लीफपूल, म्हणजे दोन्ही नियम एका झटक्यात मोडले. दोघं पळून गेले, टोळीवर बिज्जूंचा हल्ला होणार हे कळल्यावर परत आले, आणि संपलं. त्यानंतर आपल्या टोळीशी निष्ठा सिद्ध करायला त्याने नाइटक्लाउडला जोडीदार केलं. मुलगा ब्रीझपेल्ट. या लग्नात सुख कोणालाच नव्हतं आणि त्याची किंमत पोराने मोजली.

‘नेमकं कोणावर’ याला माझं उत्तर लीफपूल. पण सगळ्यात मोठा अन्याय नाइटक्लाउडवर झाला. तिला खाष्ट बायको म्हणून रंगवणाऱ्यांनी ती कुठल्या घरात येऊन पडली तेही बघावं.

९. अ‍ॅशफरने जे केलं ते प्रेमापोटी केलं असं काही वाचक म्हणतात. हे बरोबर आहे का?

नाही. आता सविस्तर.

स्क्विरलफ्लाइट आणि ब्रॅम्बलक्लॉ यांचं बिनसलं, कारण तो आपल्या सावत्र भावाच्या, हॉकफ्रॉस्टच्या, नादी लागलाय असं तिला वाटलं. त्या काळात ती अ‍ॅशफरच्या जवळ आली. नंतर ती परत ब्रॅम्बलक्लॉकडे गेली. इथवर अ‍ॅशफरबद्दल सहानुभूती वाटणं स्वाभाविक आहे. तिने त्याला नीट सांगितलं नाही, हे स्क्विरलफ्लाइटच्या चाहत्यांनीही मान्य करावं.

पण ‘लाँग शॅडोज’मध्ये काय होतं? छावणीला आग लागलेली असताना तो तिच्या तीन तरुण मुलांची सुटकेची वाट अडवून उभा राहतो. तिला दुखवायचं तर तिच्या मुलांना मारायचं, हा त्याचा हिशेब. त्याच दमात तो कबूल करतो की फायरस्टार ज्या फासात अडकला होता त्या कटातही आपला हात होता. तिच्या बापालाही मारायला निघाला होता! मुलांना वाचवायला ती गुपित फोडते: ही माझी नाहीत. (ती लीफपूल आणि क्रोफेदरची.) पुढे अ‍ॅशफर मेलेला सापडतो, आणि त्याला मारणारी त्या तिघांतली हॉलीलीफ निघते.

एवढं होऊनही स्टारक्लॅनने त्याला सामावून घेतलं. वाचकांचा संताप झाला आणि पुढची कित्येक वर्षं हे घोंगडं भिजत पडलं. ‘अति प्रेम हाच त्याचा दोष’ अशी त्याची वकिली करणारे इथूनच बळ घेत आले. २०१९ ते २०२१ मधल्या ‘द ब्रोकन कोड’ या सहा पुस्तकांत मग तोच खलनायक झाला. मेलेला अ‍ॅशफर ब्रॅम्बलस्टारच्या शरीरात शिरतो, तिचा नवरा बनून तिच्याशेजारी राहतो, अख्ख्या टोळ्यांना वेठीला धरतो. त्यानंतर तरी हा वाद संपायला हवा होता. संपला नाही, म्हणून हा प्रश्न इथे आहे.

नकार मिळालेला थ्रशपेल्ट आणि नकार मिळालेला अ‍ॅशफर, दोघंही याच पुस्तकांत आहेत. मला यापेक्षा जास्त बोलायचं नाही.

१०. टॉलस्टार आणि जेक यांच्यात काही होतं का?

आता खऱ्या अर्थाने ‘असेल-नसेल’च्या प्रदेशात आलो. ‘टॉलस्टार्स रिव्हेंज’ (२०१३) मध्ये विंडक्लॅनचा टॉलटेल (पुढचा टॉलस्टार) बापाच्या मृत्यूचा सूड घ्यायला टोळी सोडतो. गावात त्याला जेक भेटतो, एक गुबगुबीत नारिंगी घरपाळीव बोका. हा जेक घरची उबदार शेज सोडून, जंगल म्हणजे काय ठाऊक नसताना, टॉलटेलबरोबर निघतो. सूडाच्या शेवटाला टॉलटेलचा हात थांबतो. नंतर टॉलटेलला टोळीकडे जायचं असतं, जेकचं घर गावात. दोघं वेगळे होतात, आणि तो निरोप ज्यांनी वाचलाय त्यांना हा प्रश्न का पडतो ते सांगायला नको.

पानावर जोडी असल्याचं म्हटलेलं नाही. पण याच प्रसंगात एक बोका आणि एक मांजरी असती, तर कोणीही पुरावा मागितला नसता. एवढा प्रवास, एवढा त्याग, असा निरोप, म्हणजे प्रेमच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं असतं. ओकहार्टच्या एका रात्रीला आपण प्रेम म्हणतो आणि या अख्ख्या पुस्तकाला ‘घट्ट मैत्री’. मोजपट्टी एकच ठेवली तर प्रश्नाचा निम्मा भाग तिथेच सुटतो. उरलेला निम्मा असा: पुढे जेकला क्विन्सपासून आणि नटमेगपासून पिल्लं झाली. क्विन्सचा टायनी म्हणजे पुढचा क्रूरकर्मा स्कर्ज, नटमेगचा रस्टी म्हणजे फायरस्टार. विरोधक हे उदाहरण देतात. त्याने काही सिद्ध होत नाही. प्रश्न १४ वाचा, बोक्यांना पिल्लं होण्याचा आणि संसाराचा संबंध किती असतो ते कळेल.

मी या जोडीच्या बाजूने आहे, पण कॅनन म्हणणार नाही.

११. आणि रेव्हनपॉ-बार्ली?

थंडरक्लॅनच्या टायगरक्लॉने आपल्याच उपनेत्याला, रेडटेलला, मारलेलं पाहणारा घाबरट शिष्य रेव्हनपॉ. जीव वाचवायला तो पळाला आणि बार्ली नावाच्या एकट्या बोक्याच्या गोठ्यात राहिला तो कायमचाच. २००९-१० मध्ये आलेल्या तीन चित्रकथांमध्ये ब्लडक्लॅन या शहरी टोळीतली मांजरं दोघांना शेतावरून हुसकतात. ते थंडरक्लॅनमध्ये आसरा घेतात, फायरस्टारच्या मदतीने शेत परत मिळवतात. टोळीत राहण्याची संधी समोर असते, तरी रेव्हनपॉ गोठ्याकडेच वळतो. ‘रेव्हनपॉज फेअरवेल’मध्ये तो मरणाच्या दारात असताना दोन पिल्लांना स्कायक्लॅनपर्यंत पोचवायला निघतो, तेव्हाही शेजारी बार्लीच.

टॉलस्टार-जेकपेक्षा ही बाजू भक्कम आहे असं मला वाटतं. तिथे विरह आहे, इथे एकत्र घालवलेलं आयुष्य आहे. उंदीर पकडायचे, गवतात झोपायचं, पाहुणे आले की त्यांना खाऊ घालायचं. हा संसार नाही तर काय? तरीही मुळातली भूमिका (प्रश्न ३) इथेही लागू: शब्द छापलेला नाही.

१२. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. हे सगळं वाचून काळजी वाटायला लागली. पुस्तकं द्यावीत का?

पुस्तकं साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठीच लिहिलेली आहेत. प्रेम म्हणजे नाकाला नाक, शेपटीत शेपटी, शेजारी झोपणं. पिल्लं थेट जन्मालाच येतात. काळजी करायचीच तर हिंसाचाराची करा. ‘द डार्केस्ट अवर’मध्ये स्कर्ज एका फटक्यात टायगरस्टारचे नऊच्या नऊ जीव घेतो, आणि ते वर्णन सौम्य नाही. पहिली सहा पुस्तकं सोबत वाचलीत तर उत्तम. तुम्हीही अडकाल.

१३. कुठल्या जोड्यांवर तुम्ही बोलतच नाही?

शिष्यवयातली पिल्लं आणि मोठी मांजरं. शिष्यपण सहाव्या महिन्यात सुरू होतं. गुरू आणि शिष्य, शिष्य असतानाच्या काळात, नाही. ‘मांजराच्या वर्षांचा हिशेब लावला तर’ अशी गणितं पाठवू नका. पात्रं मुलांसारखी लिहिलेली आहेत, तेवढं पुरे.

१४. खरी मांजरं अशी जोडीने राहतात का?

अजिबात नाही. माजावर आलेली मांजरी अनेक बोक्यांशी संग करते आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. साधारण ६३ ते ६५ दिवसांनी ती विते. पिल्लांच्या संगोपनात बोका सहसा नसतोच. भटक्या मांजरांचे जे गट बनतात ते मुख्यतः नात्यातल्या माद्यांचे. त्या एकमेकींच्या पिल्लांना दूधही पाजतात. पुस्तकातली पिल्लांची गुहा, जिथे कोणाचंही पिल्लू कोणीही सांभाळतं, ही लेखिकांनी निसर्गातून उचललेली गोष्ट. एकनिष्ठ नवरा-बायको हा मात्र माणसांचा कारभार.

म्हणून ‘मांजरांत असं नसतं’ हा मुद्दा कोणत्याही जोडीविरुद्ध चालत नाही. तो लावला तर सगळ्याच जोड्या बाद होतात, सँडस्टॉर्मसकट.

१५. पिल्लांच्या रंगावरून खरा बाप ओळखता येतो असं ऐकलं. लीफपूल फायरस्टारची मुलगी नाही हे खरं का?

हा माझा आवडता प्रश्न, कारण यात विज्ञान पक्कं आहे आणि निष्कर्ष तद्दन चुकीचा.

मांजरांत नारिंगी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. बोक्याकडे एकच एक्स, तो आईकडून येतो. मांजरीकडे दोन, एक आईचा, एक बापाचा. दोन्ही नारिंगी असतील तर ती नारिंगी. एक नारिंगी आणि एक नसलेला, तर काळा-नारिंगी ठिपकेदार अंगरखा, स्पॉटेडलीफसारखा. म्हणूनच असे ठिपकेदार बोके अगदी दुर्मीळ. या रंगामागचा नेमका बदल स्टॅनफर्ड आणि जपानमधल्या क्युशू विद्यापीठाच्या गटांनी शोधला आणि ते संशोधन २०२५ साली प्रसिद्ध झालं. एक्सवरच्या या बिंदूचा नियम मात्र जनुकशास्त्राला कधीपासून ठाऊक होता.

आता सँडस्टॉर्म फिकट नारिंगी, फायरस्टार ज्वाळेच्या रंगाचा. दोघांची सगळी पिल्लं नारिंगीच व्हायला हवीत. स्क्विरलफ्लाइट आहे. लीफपूल मात्र फिकट तपकिरी पट्टेवाली. जनुकशास्त्रानुसार अशक्य!

यावरून काही हुशार मंडळींनी फायरस्टारला बापाच्या पदावरून हटवलं, आणि लीफपूल स्पॉटेडलीफसारखी वैद्य झाली या धाग्याला धरून भलतीच कथा रचली. पण नीट बघा. फायरस्टारला हटवून तपकिरी बोका आणला तरी प्रश्न सुटत नाही. नारिंगी आईकडून एक नारिंगी एक्स येणारच, म्हणजे मुलगी ठिपकेदार होईल, तपकिरी नाही. तपकिरी लीफपूलसाठी आईच बदलावी लागेल, आणि सँडस्टॉर्मने तिला जन्म दिलेला पुस्तकात आहे. सरळ उत्तर: लेखिकांनी रंग निवडताना जनुकांचा विचार केला नाही.

तीच गोष्ट मिस्टीफूटची, म्हणजे मोठ्या झालेल्या मिस्टीकिटची. तिचा बाप ओकहार्ट ‘लालसर तपकिरी’. त्याला नारिंगी धरलं तर निळसर-करडी मिस्टीफूट अशक्य, तपकिरी धरलं तर शक्य. भाऊ स्टोनफर काहीही धरलं तरी शक्य, कारण बापाचा एक्स त्याच्याकडे आलाच नाही.

आणि हाच नियम एका लाडक्या पुराव्याचा काटा काढतो. ‘फायरस्टार हुबेहूब जेकसारखा नारिंगी, बापाचा रंग घेतला.’ नाही घेतला. बोक्याचा नारिंगी रंग आईकडून येतो. जेकचा वारसा फायरस्टारच्या अंगावर नाही, फार तर स्वभावात आहे. टॉलस्टार-जेकवाल्यांनो, हे वाक्य तुमच्यासाठी.

१६. स्टारक्लॅनमध्ये गेल्यावर कोण कोणाबरोबर राहतं? तिथे दोन जोडीदार भेटले तर?

फायरस्टारपुरता हा पेच लेखिकांनी क्रूरपणे सोडवला. ‘द लास्ट होप’ (२०१२) मधल्या महायुद्धात मेपलशेड ही मेलेली दुष्ट मांजरी सँडस्टॉर्मवर झेप घेते, आणि मध्ये पडते ती स्पॉटेडलीफ. आत्मा दुसऱ्यांदा मरतो तेव्हा काहीच उरत नाही. ती विरून जाते. कित्येकांना हा सोयीस्कर काटा काढणं वाटतं. मला त्यातली निवड महत्त्वाची वाटते: ज्याच्यावर प्रेम होतं त्याच्या बायकोसाठी तिने आपलं उरलंसुरलं अस्तित्व दिलं. वीस वर्षं भांडणाऱ्या दोन्ही पक्षांपेक्षा तिचं मन मोठं निघालं.

थंडरक्लॅनच्या ग्रेस्ट्राइपचं उत्तर इतकं सोपं नाही. सिल्व्हरस्ट्रीम रिव्हरक्लॅनची, पिल्लांना जन्म देताना गेली. मिली नंतर दोनपायांच्या वस्तीत भेटली आणि त्याच्यासाठी घर सोडून जंगलात आली. आकाशात टोळ्यांच्या सीमा धूसर असतात, कोणी कोणाला जाब विचारत नाही. दोघींबरोबर बसायला त्याला अडचण नसावी. अडचण वाचकांना आहे.

१७. आता तर टोळी बदलायला परवानगी मिळाली. मग ब्लूस्टार, लीफपूल यांचे ‘गुन्हे’ माफ झाले का?

२०२२ पासूनच्या ‘अ स्टारलेस क्लॅन’ मालिकेत नियम सैल झाला. जोडीदारासाठी टोळी बदलता येते, मात्र नव्या टोळीचा नेता सांगेल त्या कसोट्या पार कराव्या लागतात. शॅडोक्लॅनची सनबीम अशीच नाइटहार्टसाठी थंडरक्लॅनमध्ये येते. बदलाला कडाडून विरोध करणाऱ्यांत तिची स्वतःची आई बेरीहार्ट आहे.

पण नीट वाचा, परवानगी कशाची मिळाली? टोळी सोडून दुसऱ्या टोळीत जायची. दोन टोळ्यांत पाय ठेवून प्रेम करायची नाही. ब्लूफरला हा नियम मिळाला असता तरी तिला तो नको होता. तिला थंडरक्लॅनमध्येच राहून थिसलक्लॉला रोखायचं होतं. ओकहार्टही आपली टोळी सोडून आला असता असं वाटत नाही. लीफपूलचा प्रश्न तर वेगळाच, तो वैद्यांच्या नियमाचा, आणि तिथली बंदी या बदलाने उठत नाही. नव्या नियमाने कोणाचं भलं झालं असतं तर ग्रेस्ट्राइपचं. तो पिल्लांमागे रिव्हरक्लॅनमध्ये गेला होताच. सिल्व्हरस्ट्रीम जगली असती आणि आज जन्मली असती, तर तिला फक्त फायरस्टारच्या कसोट्या द्याव्या लागल्या असत्या, आणि आपल्या जिवलग मित्राच्या जोडीदाराला तो काय मोठी कसोटी देणार होता!